बुटपॉलिशचं झाकण

शेजारच्या खणात गाडी धुणाऱ्या माणसाने माझ्या हातात कॉफीचा गरम डबा ठेवला आणि म्हणाला, "संपादकसाहेब, आज माझ्याकडून. मोडला त्याचा हात." मी स्पंज पिळत होतो. बूचॉनच्या या धुलाईकेंद्रावर मी अकरा वर्षं दर रविवारी येतो. इथे पाणी आपलं आपण मारायचं, गाडी आपली आपण पुसायची आणि कोणी कोणाशी फारसं बोलायचं नाही, अशी रीत आहे. म्हणून मला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कोणाशी तरी बोलतोय. "कोणाचा हात?" मी विचारलं. "घ्या! तुम्हीच शोधून दिलात आणि मलाच विचारता?" तो मनापासून हसला. पस्तिशीचा, नीट भांग पाडलेला, कानामागे फेस लागलेला. पांढऱ्या गाडीच्या काचेवर पोपटी चिकटपट्टी. त्याने ओला हात पॅन्टला पुसला आणि फोन माझ्यासमोर धरला. चाळीस सेकंदांचं चित्रण होतं. अर्धवट ओढलेलं शटर, आत निळा एप्रन घातलेला साठीचा माणूस. एकाने त्याची मान धरलेली, दुसऱ्याने कोपर दाबलेलं, आणि त्याचा उजवा पंजा त्याच्याच चंदेरी गाडीच्या बॉनेटवर पसरून धरलेला. हातोडा तीनदा खाली आला. पहिल्या घावाला तो ओरडलाच नाही. तो बॉनेटकडे बघत होता. पत्र्याला पोचा आला का, ते बघत होता. दुसऱ्या घावाला ओरडला. पत्र्यावर हातोडा पडला की कसा वाजतो ते मला झोपेतही सांगता येईल. मध्ये हात असला की पत्रा वाजत नाही. "आवाज वाढवू का?" त्या माणसाने विचारलं, आणि डब्याने माझा तळवा भाजतोय हे मला कळत असूनही मी तो सोडला नाही.

हातोडा लाल होता, टोकाला पिवळा. त्याच्या दांड्यावर काय लिहिलंय ते मला वाचावं लागलं नाही, कारण ती अक्षरं मीच निवडली होती: 'चार चाकं. आमच्या वाचकांच्या जिवासाठी.' मासिकाला वीस वर्षं झाली तेव्हा आम्ही प्रत्येक वर्गणीदाराला तो भेट दिला. गाडी पाण्यात पडली, दार उघडेना, तर काच फोडून बाहेर यायला. तीस हजार हातोडे घरोघर गेले. त्यातल्या एकानेही कोणाचा जीव वाचल्याचं पत्र मला कधी आलं नाही.

ते मासिक आता नाही. आता आहे ते त्याच नावाचं चॅनल, आणि त्यात खुर्चीवर बसून बोलणारा मी, योम ग्वांगसॉप, वय पंचावन्न. गेल्या गुरुवारी सोंग ह्यॉनसिकने, म्हणजे चॅनल चालवणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने, मला एक तुकडा दाखवला. आदल्या रात्री बाजाराच्या चौकात पोपटी पक्षाची सह्यांची मोहीम चालू होती. एक म्हातारी हातात पाटी घेऊन झेब्रा पट्ट्यांवर उतरली, एका चंदेरी गाडीने तिला उडवलं आणि गाडी न थांबता गेली. म्हातारीचा खुबा मोडला. मागच्या गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते चित्रण होतं, नंबर वाचता येत नव्हता. ह्यॉनसिक म्हणाला, "दादा, गाडी तुम्ही ओळखायची. बाकीचं लोक बघतील." मी लाइव्ह चालू असताना चित्र थांबवलं. चाक बघितलं. दहा आऱ्यांचं, बारीक काठाचं. आणि बोललो, अगदी आरामात, खुर्चीत मागे रेलून: "ही साधी गाडी नाही. ही चाकं फक्त शर्यतीच्या खास आवृत्तीला लागली होती. एकशेवीस गाड्या निघाल्या, एकही जास्त नाही. चंदेरी त्यातल्या चौदा." एकशेवीसांची यादी मालकांच्या मंडळाकडे होतीच. पाऊण तासात कोणीतरी फोटो टाकला: त्या चौदांतली एक गाडी, जांभळ्या पक्षाच्या सभेबाहेर उभी, खिडकीत जांभळा झेंडा. मालक चॉन मानबॉक, बुप्यॉंगमध्ये पोचे काढण्याचं दुकान. मी म्हटलं नाही की हाच तो. मी म्हटलं, "चाक खोटं बोलत नाही." हे वाक्य लोकांनी उचललं. रविवार सकाळपर्यंत त्याचे स्टिकर निघाले होते.

हे असं एकदम झालं नाही. मला प्रत्येक पायरी आठवते, कारण प्रत्येक पायरीवर मी कुरकुर केली आणि मग चढलो. आधी आम्ही फक्त गाड्या चालवायचो. गाडी चालवून झाली की सीटवरून उतरताना पाठीला काय वाटतं ते लिहायचो, स्टिअरिंग पावसात हाताला कसं लागतं ते लिहायचो. माणसं घाटात गाडी घेऊन जात, आमचा अंक शेजारच्या सीटवर ठेवून वळणं मोजत. मग एका नटाचा घटस्फोट झाला आणि ह्यॉनसिक म्हणाला, गाडी कोणाकडे गेली एवढंच सांगा, गाडीचाच तर विषय आहे. सांगितली. त्या आठवड्यात जेवढ्या लोकांनी आम्हाला पाहिलं तेवढ्या लोकांनी आधीच्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग कुठल्या खासदाराची बायको कुठल्या गाडीतून उतरली. मग कंपनीच्या गाडीची हिरवट नंबरपाटी लपवून कोण फिरतो. मग जांभळे कोणत्या गाड्या घेतात आणि पोपटी कोणत्या. विजेच्या गाडीची परीक्षा घेतली तर खाली दीडशे शिव्या, की तू कोणाचा. डिझेलची घेतली तर दुसऱ्या बाजूच्या दीडशे. शेवटी मीच एका बाजूच्या शिव्या खायचा कंटाळा केला आणि दुसऱ्या बाजूच्या कौतुकाला हात पुढे केला. पोपटी झालो असं मी कधी म्हटलं नाही. पण जांभळा झेंडा दिसला की तो लावणारा मला आधीच दोषी वाटतो, हे खरं आहे, आणि गुरुवारीही वाटला.

धुलाईकेंद्रातून गाडी बाहेर काढली तेव्हा काचेवर साबण तसाच होता. वायपर लावला. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मी सारखा उजव्या पंजाकडे बघत होतो. पोचे काढणाऱ्या माणसाचं सगळं पोट त्या पंजावर असतं. तो डोळ्यांनी बघतच नाही, डोळे मिटून तळवा पत्र्यावरून फिरवतो आणि केसाएवढा खड्डा सांगतो. एकदा मी अशाच एका बाईवर चार पानं लिहिली होती, तिचं नाव आता आठवत नाही. तिने माझा तळवा धरून दारावरून फिरवला आणि विचारलं, "लागलं?" मला काही लागलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, लागलं." मला माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही. ही सवय मोडून काढली गेली होती. बाप बस चालवायचा, इंचॉन ते सोल. सुट्टीच्या दिवशी तो मला रस्त्याकडेच्या दगडावर बसवायचा, आपला रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधायचा आणि सोजू दारूची बाटली घेऊन शेजारी बसायचा. गाडी गेली की विचारायचा, "कोणती?" आवाजावरून सांगायचं. बरोबर असलं की गप्प. चुकलं की मानेवर एक फटका, उघड्या पंजाचा. आणि "माहीत नाही" म्हटलं तर दोन. "चुकणारा माणूस निदान बोलतो तरी," तो म्हणायचा, "माहीत नाही म्हणणाऱ्याने बसमधून उतरावं." आठव्या वर्षी मी चुकायचा थांबलो. माझं सगळं नाव, सगळी प्रतिष्ठा, लोक मला साहेब म्हणतात ते सगळं, त्या रुमालाच्या आत तयार झालं. पुढे मी गाड्यांच्या धडकेच्या चाचण्या बघायला जायचो. साठच्या वेगाने भिंतीवर आदळणारी गाडी, आत पुतळ्यांचं कुटुंब, मुलांच्या माना पुढे जाऊन मागे येणारी. मी काचेमागे उभा राहून गिंबापच्या भातवळ्या खायचो आणि वहीत लिहायचो. आदळल्यावर होणारा तो आवाज मला आवडायचा. हे मी कधी लिहिलं नाही, पण आवडायचा.

पुलावर लाल सिग्नल लागला आणि ते झाकण आठवलं. खरं सांगायचं तर आठवलं नाही. ते तिथेच होतं, मी त्याच्यावर तीन दिवस बसून होतो. त्या खास आवृत्तीतली एक गाडी माझ्याकडेही होती, परीक्षेसाठी घेतली ती ठेवून घेतलेली. तिची चाकं आपल्या रस्त्यांना फार कडक होती, कंबर धरायची. एका चाकाची मधली टोपी वाटेत पडली, बदली मिळेना, म्हणून मी बुटपॉलिशच्या डबीचं झाकण चंदेरी रंगवून तिथे ठोकून बसवलं. चपखल बसलं. अंकात त्यावर गमतीचा मजकूरही लिहिला. मग ती चाकं काढली आणि विकली. तेरा वर्षं झाली. घेणारा गालात हसणारा, कमी बोलणारा माणूस होता, त्याची साधी चंदेरी गाडी होती, त्याच कंपनीची, तिला ही चाकं बसत होती. धरणाजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही ती चढवली. त्याने सुका मासा आणला होता, पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला, आणि तांदळाच्या दारूची बाटली. नवी गाडी घेतली की आम्ही चाकांवर दारू ओततो, वाकून नमस्कार करतो, मासा डिकीत ठेवतो, म्हणजे अपघात होत नाही. मी म्हटलं, "अरे, नुसत्या चाकांची कसली पूजा?" तो म्हणाला, "चाकंच तर माणसावर चढतात, साहेब." मग मीच बाटली घेतली आणि मागच्या डाव्या चाकावर जास्त ओतली. "याला दोन घोट जास्त. याची टोपी उसनी आहे." आम्ही दोघे हसलो. आंबूस वास येत होता, दारू टायरवरून मातीत झिरपत होती.

आणि गुरुवारी, लाइव्हमध्ये, गाडी म्हातारीला उडवून पुढे गेली तेव्हा मागचं डावं चाक क्षणभर कॅमेऱ्यासमोर आलं. त्याच्या मध्यावर कंपनीचं चिन्ह नव्हतं. नुसतं सपाट, गोल, मंद चकाकणारं काहीतरी होतं. मी ते पाहिलं. माझ्या मानेत कळ आली, नेमकी जिथे फटका बसायचा तिथे. पण खाली बघणाऱ्यांचा आकडा चढत होता, दोन लाख, सव्वादोन, ह्यॉनसिक कॅमेऱ्यामागून मूठ वर करत होता, आणि मी चित्र मागे नेऊन पुढच्या चाकावर थांबवलं, कारण पुढचं चाक मला हवं ते सांगत होतं. एकशेवीस गाड्या. एकही जास्त नाही. चाकांचा एक संच मात्र सुटा फिरत होता आणि तो सोडणारा मी होतो. सिग्नल हिरवा झाला होता. मागचा बसवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, उतरावं आणि त्याच्या काचेवर डोकं आपटावं, माझं.

कार्यालयात पोचल्यावर मी पोलिसांना फोन केला. चाकं घेणाऱ्याचं नाव माझ्या जुन्या वहीत होतं, गावासकट. ते दिलं. पलीकडच्या तरुण आवाजाने नीट लिहून घेतलं आणि म्हणाला, "तेरा वर्षांत ही चाकं किती हातांतून गेली असतील काय सांगता येतं? आम्ही बघतो. पण तो चॉन मानबॉक आहे ना, त्याची शस्त्रक्रिया चाललीय, आणि इस्पितळाच्या दारात शंभर लोक जमलेत. त्याच्या मुलीला आत जाता येत नाहीये. लोक तुमचं ऐकतात, योमसाहेब." एवढंच म्हणाला. मी झाकणाचा मजकूर आलेला तो जुना अंक काखोटीला मारून स्टुडिओत गेलो. पाचचा लाइव्ह होता. ह्यॉनसिकने ऐकून घेतलं, च्युइंगगम चघळत, मग दार लावलं.

"दादा, तुम्ही थकलात."

"मी चुकलो, ह्यॉनसिक. मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं? पॉलिशचं झाकण? रात्रीचं, पळत्या गाडीचं? दादा, हे तुम्ही बायकोला सांगा, हसेल ती. लोकांना नका सांगू."

"त्याचा हात गेला."

"हात कोणी मोडला? तुम्ही? तुम्ही फक्त चाक म्हणालात. आणि झेंडा त्याच्याच खिडकीत होता ना? झेंडा काय वाऱ्याने आला?" मग तो जवळ आला, माझ्या कॉलरवरचा माइक नीट केला, मायेने. "आज साडेचार लाख लोक बघायला बसणार आहेत. आज फक्त एवढंच बोला: हिंसा वाईट. बस. दोन मिनिटं गप्प बसा, डोळे ओले करा, आणि मग त्या मंत्र्याच्या गाडीचं घेऊ. बावीस माणसांचं घर चालतंय यावर, दादा. माझंही." त्याच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता. त्याचा खालचा ओठ मला दिसत होता आणि मी त्यावर मूठ मारली तर दात कोणत्या बाजूला जातील ते मी मनात पाहिलं, फार स्पष्ट, हळू करून, चाचणीच्या फिल्मसारखं. मारली नाही. या खोलीत जे काही घडलं होतं ते त्याने एकट्याने घडवलेलं नव्हतं.

लाल दिवा लागला. मी अंक उघडून कॅमेऱ्यासमोर धरला, पान त्रेचाळीस, झाकणाचा फोटो. मग गुरुवारचं चित्रण लावलं आणि या वेळी मागच्या चाकावर थांबवलं. म्हटलं, "हे झाकण माझं आहे. ही चाकं माझी होती. मी ती विकली होती आणि गुरुवारी मला हे दिसलं होतं, तरी मी बोललो नाही. म्हातारीला उडवणारी गाडी साधी आहे, एकशेवीसांतली नाही. चॉन मानबॉक यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. इस्पितळाच्या दारातून घरी जा. त्यांच्या मुलीला आत जाऊ द्या." आवाज कापला नाही. उलट एक विचित्र सुख वाटलं, डोळ्यांवरचा रुमाल सुटल्याचं. खाली अक्षरं धावत होती. विकला गेला. जांभळ्यांनी गाठला. फोटो बनावट आहे. मग कोणीतरी लिहिलं, चाकं याचीच, म्हणजे गाडीही याचीच तर नाही ना? आणि मग सगळीकडे एकच: नाव सांग. कोणाला विकलीस. नाव सांग. नाव. नाव. ह्यॉनसिकने कॅमेऱ्यामागून कागद धरला, त्यावर जाड पेनाने तेच लिहिलं होतं: नाव सांगा!! आकडा सहा लाखांवर गेला होता. मी म्हटलं, "नाव पोलिसांना दिलंय. तुम्हाला देणार नाही." आणि कॉलरवरचा माइक काढून टेबलावर ठेवला.

लाइव्हच्या दिवशी इमारतीखालच्या आवारात चाहते जमतात, हे मला ठाऊक होतं. तांदळाच्या वड्या आणतात, आपापल्या गाड्या पुसून लावतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. मी मागच्या जिन्याने उतरू शकलो असतो. पण माझी गाडी पुढे होती, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना टाळून कधी गेलो नव्हतो. उजेड जात चालला होता. पंचवीस-तीस जण होते, हातात फोन, फोनवर मीच, अजून बोलत असलेला. मला बघून कोणी ओरडलं नाही. वाट दिली. मी गाडीत बसलो, दार लावलं, आणि मग ती वाट मिटली. कोणीतरी बॉनेटवर बसलं. टपावर हात आपटू लागले, आधी एक, मग खूप. शेजारच्या खिडकीत सकाळचा तो माणूस आला, कॉफीवाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेपण होतं, जवळच्या माणसाने फसवल्याचं. त्याने काचेवर बोटाने टकटक केली. दुसऱ्या हातात लाल हातोडा होता.

"संपादकसाहेब, काच खाली घ्या. बोलू."

मी घेतली नाही. त्याने कोपऱ्यात मारली, आम्ही हातोड्याबरोबरच्या चिठ्ठीत सांगितलं होतं तशी, मध्यावर नव्हे, कोपऱ्यात. काच एका घावात सगळी मांडीवर आली. गालातून काहीतरी गरम उतरलं. मग हात आत आले, दार उघडलं, आणि मी बाहेर होतो, गुडघ्यांवर, आणि कोणाचा तरी बूट माझ्या पोटरीवर होता. कोणीतरी माझा उजवा पंजा धरून माझ्याच बॉनेटवर ठेवला. सकाळीच धुतलेला पत्रा, थंड आणि गुळगुळीत. मी तळवा त्यावर दाबला आणि मला लागलं, पहिल्यांदाच लागलं: बोटांखाली एक बारीक खोलगट जागा होती, कोण जाणे कधीपासून.

"मी तुम्हाला शाळेत असल्यापासून वाचतो," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "माझ्या खोलीत तुमचे सगळे अंक आहेत. तुम्ही असं करावं? फक्त नाव सांगा. आम्ही जातो. एवढं तरी सांगा, जांभळा होता का?"

मागच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. तीन सिलिंडर, जुना सायलेन्सर, मागचं बेअरिंग वाजत होतं. मला ती ओळखता आली आणि आजवर पहिल्यांदा मी ती सोडून दिली. धरणाजवळचा तो गालात हसणारा माणूस मला दिसत होता, त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं, गावासकट. ती चाकं त्याने पुढे कोणाला दिली, त्या रात्री स्टिअरिंगवर कोण होतं, हे तो तरी सांगू शकला असता का कोण जाणे.

"बोला ना, साहेब! जांभळा की पोपटी?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि कोणी न सांगता मान खाली घातली.